टीमचं पह्यलं वर्ष

मेडशी, ता. मालेगाव, जि. वाशीम
१७ नोव्हेंबर २०२४

सपना,
जय भीम.

एवढं लिहून अर्धा घंटा पेन हातात धरून बसली. अंगणवाडीचे अहवाल लिहिताना माह्या हाताले असा कधी विचार पडत नाही.

पाकिटावर तुह्या टीमच्या नाशिकच्या ऑफिसचा पत्ता टाकला, कारण तुह्या खोलीचा माह्यापाशी नाही. फोन तू उचलत नाही, त्याले आता दोन वर्षं होतील. त्याचं मी काही म्हणत नाही. मीच तुले म्हणली होती, उंबरठ्याबाहेर पाय टाकला तर पुन्हा या घराकडे पाहू नको. तू खरंच पाह्यलं नाही. जिद्दीनं माह्यावरच गेली.

पत्र लिहाचं कारण असं झालं. मागच्या आठवड्यात आसेगावले लग्न होतं. तिथं अश्वजित भेटला. तोच, ज्याच्या घरचे तुले पाहाले येणार होते अन् तू त्या सकाळच्या एसटीनं निघून गेली. मी तोंड लपवून दुसऱ्या पंगतीत बसाले निघाली, तर तोच मागून आला. म्हणे, "मावशी, थांबा न. सपनाची मॅच पाह्यली का तुमी?" मी म्हणली, कायची मॅच? त्यानं खिशातून मोबाईल काढून मागच्या हंगामाची मॅच लावली. त्याची बायको लेकरू कडेवर घेऊन बाजूले उभी राह्यली अन् तीच मले सांगाले लागली, "हे पाहा, बारा नंबर, हे तुमची सपना." तुह्या टीमच्या साऱ्या पोरींचे नंबर तिले पाठ आहेत. अश्वजितच्या मनात काही राग नाही, एवढं तुले सांगतो.

मी तुले ओळखलं नाही. खोटं कायले सांगू. चालण्यावरून ओळखलं, तेही तू पाठमोरी झाल्यावर.

आता मले या बास्केटबॉलच्या काही गोष्टी कळून राह्यल्या नाहीत, त्या विचारतो. बॉल हातात धरून पळालं की शिट्टी वाजते, अन् आपटत पळालं की वाजत नाही. काहून? जवळून टाकला तर दोन अन् लांबून टाकला तर तीन, हे कोणी ठरवलं? तुमचं नाव 'गोदा वाघिणी' कोणी ठेवलं? खेळाचा पगार भेटते म्हणतेत, मग ज्या दिवशी खेळ नाही त्या दिवशी काय करता?

अन् टीम सुरू कशी झाली? पह्यल्या वर्षी, म्हणजे तू नव्हती त्या वर्षी, कोण कोण होतं? पह्यल्या वर्षाचं जरा नीट सांगजो. अशीच इच्छा झाली.

पाकिटामागं माह्या फोनचा नंबर टाकला आहे. तो तुले पाठ आहे, हे माहीत असूनही टाकला.

तुही आई
भागिरथा


मेडशी
८ डिसेंबर २०२४

सपना,
जय भीम.

तुह्यं उत्तर आलं नाही, पण फोन आला. तुहा नाही, गोजराबाईचा.

तुमच्या मेसमधी स्वयंपाक करणारी बाई आपल्या जिल्ह्यातली निघंल, असं मले सपनातही वाटलं नसतं. टपाल तिच्याच हाती पडते म्हणे. पाकिटावर मेडशीचा शिक्का पाह्यला अन् मागचा नंबर लावला. पह्यलं वाक्य काय, तर "कोण वं, मेडशीची का? मी कामरगावची!" माहेरचं माणूस भेटल्यासारखी एक घंटा बोलली. कामरगावच्या बाजारात आता जीपगाड्या कुठं उभ्या राह्यतेत, हेही मले विचारून घेतलं. मग म्हणली, "तुह्या पोट्टीनं पत्र नेलं. माह्यासमोर फोडलं नाही. उशीखाली ठेवते."

फोडलं का नाही हे तिले माहीत नाही. मीही विचारलं नाही.

पण माह्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडून भेटलं. तुले हे सारं माहीत असंल, तरी मी लिहितो, कारण मले ऐकताना लय नवल वाटलं. तुमची टीम बल्बच्या कारखान्यातून निघाली, हे खरं का? पॅकिंगले तीस-पस्तीस बाया. तुमच्या कोच रंजीता मॅडम त्याईच्यातल्याच एक, कॉलेजात खेळलेल्या. जेवणाच्या सुट्टीत उगं बसून राह्यापेक्षा त्याईनं वेल्डिंगवाल्याकडून एक लोखंडी कडं करून घेतलं अन् गोदामाच्या भिंतीवर ठोकलं. बाया पदर खोचून खेळत. बॉल कड्याच्या आतून गेला का बाहेरून, यावर रोज भांडण. गोजराबाईही तेव्हा तिथंच पॅकिंगले होती; शेवटी तिनं कांद्याच्या गोणीची जाळी कापून, शिवून कड्याले बांधली. म्हणे, "त्या दिवसापासून भांडणं बंद."

मग त्या बाया तालुक्यात जिंकल्या, जिल्ह्यात जिंकल्या. मालक आधी म्हणे, खेळून माल कमी निघते. मग पेपरात फोटो आला तर तोच मंधात उभा. दोन हजार एकवीसले बायांची पगारी लीग निघाली तेव्हा त्यानं टीम घेतली. नाव मात्र बायांनी ठेवलं. मालकाले इंग्रजी नाव पाह्यजे होतं. रंजीता मॅडम म्हणल्या, 'खेळणार आम्ही, तर नावही आमचंच.'

पह्यल्या वर्षी रंजीता मॅडम स्वतः कप्तान होत्या, चौतीस वर्षांच्या. बाकीच्या पोरी चाचणी घेऊन गावोगावच्या निवडल्या. अकोल्याले पण चाचणी झाली होती म्हणे. ते तुले माहीतच आहे. तूही गेली होती.

पह्यल्या वर्षाचं मी गोजराबाईले विचारलं. म्हणली, "ते वर्ष चांगलं गेलं नाही वं. मी तुले टीमची पुस्तिका पाठवून देतो, त्यात सारं आहे."

थंडी पडली आहे. तिकडं थंडी जास्त असते असं ऐकलं. तुह्या पायाले भेगा पडतात, तेवढं पाह्यजो.

आई


मेडशी
२९ डिसेंबर २०२४

सपना,

पुस्तिका आली. चकचकीत कागद, गोजराबाईच्या हळदीच्या बोटाचा एक ठसा.

मी पह्यल्या पानापासून वाचली. कोणत्या वर्षी किती सामने जिंकले, कोण पडून जखमी झालं, कोणाचं लग्न झालं, कोणी रेल्वेत लागलं. मले वाटलं होतं खेळाच्या पुस्तकात नुसते आकडे असतीन. पण हे तर एखाद्या घराची गोष्ट असावी तसं आहे.

पह्यल्या वर्षाच्या फोटोत अकरा पोरी आहेत. खाली नावं बारा नंबरपर्यंत छापली आहेत अन् बाराव्या नंबरापुढं नुसती रेघ. रंजीता मॅडमनं तिथं लिहिलं आहे, ते मी जसंच्या तसं उतरवतो:

'बारावी जागा आम्ही शेवटपर्यंत कोणाला दिली नाही. निवडलेली मुलगी येईल असं मला वाटत होतं. ती आली नाही. उपांत्य सामन्याला तिघी तापानं अंथरुणात होत्या. आठ जणी उतरलो. एकीचा पाय मुरगळला, तिघी पाच-पाच फाउल होऊन बाहेर गेल्या. शेवटची चार मिनिटं आम्ही चौघीच खेळलो आणि तीन गुणांनी हरलो. माझा तो खेळाडू म्हणून शेवटचा सामना.'

मी बोटांवर मोजून पाह्यलं. आठातून एक गेली, तिघी गेल्या. चार. पाच पाह्यजेत अन् चार. पाचवी असती तर.

गोजराबाईले फोन करून विचारलं, ते बारावी कोण होती? म्हणली, "कोण जाणे. मॅडमनं नाव कधीच घेतलं नाही. कोणी गुर्मीची पोट्टी असंल." मग आपल्याच नादात बोलत गेली, "मॅडम तशा देवमाणूस, पण राग धरतेत. आता तुह्याच पोट्टीचं पाह्य न. दुसऱ्या वर्षी आली, खेळणं साऱ्यात चांगलं, तरी हंगामभर बाकावर बसवून ठेवली. एका सामन्यात उतरवलं नाही. पोट्टी रात्री भांडे घासाले माह्यापाशी येऊन बसे. म्हणे, मावशी, माह्यात काय कमी आहे? मी काय सांगू?"

हे तू मले कधी सांगतलं नाही. सांगणार कसं म्हणा.

आज जास्त लिहित नाही. उद्या पोरांची वजनं घ्याची आहेत.

आई


मेडशी
१९ जानेवारी २०२५

सपना,

हे पत्र मी चारदा लिहिलं अन् चारदा फाडलं. आता फाडत नाही.

बारावी पोरगी तू होती.

अकोल्याच्या चाचणीत तुही पह्यल्याच वर्षी निवड झाली होती. तू तीन महिने वाट पाह्यली, दर दिवशी विचारलं, "माय, फोन आला का? काही कागद आला का?" अन् मी म्हणत राह्यली, नाही. मग तू एक दिवस विचारणं बंद केलं अन् बॉल पलंगाखाली टाकून देल्ला.

फोन आला होता. फॉर्मवर तू माह्याच फोनचा नंबर टाकला होता, घरात तेव्हा तो एकच फोन. एक बाई म्हणली, "सपना आहे का? नाशिकहून बोलतेय, बास्केटबॉलसाठी." मी म्हणली, राँग नंबर. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. पुन्हा राँग नंबर. तिसऱ्यांदा मी उचललाच नाही. मग रजिस्टर पत्र आलं. पोस्टमननं ते अंगणवाडीत आणून देल्लं, मी सही केली, अन् वाचून कपाटात पोषण आहाराच्या जुन्या रजिस्टरांखाली ठेवलं. तीन वर्षं ते तिथंच होतं. आज या पाकिटात टाकलं आहे. त्यावर तुह्यं नाव आहे, तुह्यं आहे.

काहून केलं, हे मी स्वतःले लय वेळा विचारलं. आधी मी मनाले सांगत असे, पोरीची जात, एकटी कुठं पाठवू, चांगलं स्थळ हातचं जाईल. ते सारं नंतर जोडलेलं आहे. तुह्या बाबांले जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. फोन ठेवल्यावर मी घरात पाह्यलं. एक चूल, दोन ताटं. त्यातलं एक ताट उचललं तर मी कोणाशी बोलू, एवढंच मनात आलं. तुह्यं भलं-बुरं मनात आलंच नाही. मले एकटं राह्याचं भेव वाटलं, सपना. बस.

अन् शेवटी एकटीच राह्यली.

मी समजत होती, एक वर्ष उशीर झाला, पुढच्या वर्षी तू आपल्या हिमतीनं गेलीच, तर काय बिघडलं. पुस्तिका वाचेपर्यंत मले माहीत नव्हतं की माह्या एका शब्दापायी तिकडं चौघी पाचांचं खेळल्या अन् एका बाईचा शेवटचा सामना गेला. अन् तू वर्षभर बसून राह्यली.

तुले लिहाच्या आधी मी रंजीता मॅडमले फोन केला. आधी त्याईले काहून, तर मले कळलं होतं की त्या तुह्यावर राग धरून होत्या अन् हंगाम सुरू होऊन राह्यला होता. तुह्यावरचा खोटा आळ एक दिवसही जास्त राहू नये असं वाटलं. मी म्हणली, "मॅडम, तुमी तीन वर्षांखाली मेडशीले फोन केला होता. राँग नंबर म्हणणारी मीच."  

मग म्हणल्या, "म्हणजे तिला काही माहीतच नव्हतं?"

"नाही. आजही नाही."

"मला वाटलं, पत्र हातात पडूनही ती आली नाही. पोचपावतीवर सही होती. दुसऱ्या वर्षी ती चाचणीला आली तेव्हा मला तिचा संताप आला होता. वर्षभर बसवून ठेवलं मी तिला. का आली नव्हतीस, एवढं एकदा विचारलं असतं तर." मग म्हणल्या, "तुमचं तुम्ही केलंत. हे मात्र मी केलं."

मी म्हणली, मीच सांगतो तिले. त्या म्हणल्या, "तुम्हीच सांगा. पण लवकर सांगा."

म्हणून हे. माफी मागाले मले तोंड नाही अन् मागितली तरी तुहं वर्ष परत येत नाही. तू चिडजो. मले फोन करून शिव्या घालजो. काही न करता ठेवून देल्लं तरी चालंल.

भागिरथा


मेडशी
९ फेब्रुवारी २०२५

सपना,

तीन आठवडे झाले. गोजराबाईले विचारून विचारून मी तिचं डोकं खाल्लं. म्हणली, पत्र आलं त्या दिवशी तू जेवाले उतरली नाही. दुसऱ्या दिवशी सराव सोडून गोदावरीच्या घाटावर जाऊन बसली. नंतरच्या सामन्यात बॉल हातातून सुटत होता. अन् त्याच्या पुढच्या सामन्यात बावीस गुण केले अन् कोणाशी बोलली नाही.

हेही म्हणली, की रंजीता मॅडमनं साऱ्या पोरींसमोर तुह्यी माफी मागितली. तू काय म्हणली, हे तिनं सांगतलं नाही. म्हणली, "ते तू तिच्याच तोंडून ऐकजो."

मॅडमचा मले फोन आला. बावीस तारखेले नाशिकले उपांत्य सामना आहे, या म्हणल्या. मी म्हणली, सपनाले विचारलं का? म्हणल्या, "विचारलं. ती म्हणाली, यायचं तर येऊ दे."

ये असं तू म्हणली नाही. नको असंही म्हणली नाही. या दोन शब्दांमंधात जेवढी जागा आहे, तेवढ्यात मी येतो. सुट्टीचा अर्ज देल्ला आहे.

आई


मेडशी
२५ फेब्रुवारी २०२५

सपना,
जय भीम.

काल पोचली. रविवारी सायंकाळीच मालेगावले उतरली होती, पण मेडशीची शेवटची गाडी निघून गेली, म्हणून निताच्या घरी राह्यली. ते तुह्याबरोबर शाळेत होती ना, तीच. तिनं सारं विचारून घेतलं अन् मीही सारं सांगतलं. आता लपवून काय करू.

सामना पाहाले मी गोजराबाईच्या बाजूले बसली होती, हे तुले दिसलं असंल. तू एकदाच वर पाह्यलं. मले नियम आता कळतात. पह्यल्या अर्ध्यातच तुह्या तीन चुका, म्हणजे फाउल, झाल्या तेव्हा मी बोटांवर मोजाले लागली, पाच झाल्या की बाहेर. चौथी झाली तेव्हा गोजराबाईचा हात मी एवढा दाबला, की ते म्हणली, "अवं, हे हात उद्या पोळ्या लाटाचे आहेत!" मॅडमनं तुले बाहेर काढलं. मले वाटलं, झालं, पुन्हा तेच. पण शेवटचे तीन मिनिटं राह्यले तेव्हा त्या तुह्याजवळ येऊन काहीतरी बोलल्या अन् तू उतरली. एका चुकीच्या अंतरावर उभी राहून तू तीन मिनिटं कशी खेळली, हे मले सांगताच येत नाही. हात मागं बांधल्यासारखी त्या उंच पोरीसमोर उभी राह्यली, पण धक्का लावला नाही. दोन गुणांनी जिंकल्या. पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या अन् रंजीता मॅडम तोंडावर टॉवेल घेऊन खालीच बसल्या. चौथ्या वर्षी टीम पह्यल्यांदा फायनलले गेली.

मग तू आली. घामानं निथळत. मी उभी राह्यली. दोन वर्षांत तू अजून उंच झाली का माहीच पाठ वाकली, कोण जाणे.

तू म्हणली, "जेवली का?"

मी म्हणली, "हो."

"एक वर्ष, माय. एक वर्ष मी बाकावर बसून एकच विचार करत होती, माह्यात काय कमी आहे. आरशात पाहून विचारे. तुले माहीत आहे का ते कसं असते?"

मी मान हलवली, नाही. 

"मले अजून राग आहे. घरी येईन असं समजू नको."

"नाही समजत."

"अन् पत्रं लिहाचं बंद करू नको." एवढं बोलून तू फिरली अन् पुन्हा वळली. "त्या बॉल आपटाच्या नियमाचं तू विचारलं होतं. ते सोपं आहे. बॉल धरून पळू देल्लं तर ज्याच्या हातात बॉल, त्याच्याकडून कोणी घेऊच शकणार नाही. आपटत गेलं की दर पावलाले तो हातातून सुटते. दुसऱ्याले संधी राह्यते."

म्हणजे तू पह्यलं पत्र वाचलं होतं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडवर जाले मी मेसच्या दारात गोजराबाईची वाट पाहून राह्यली होती, अन् आली तू. रिक्षात आपण दोघी एक शब्द बोललो नाही, असं मी कोणाले सांगतलं तर खोटं वाटंल, कारण मले ते लय बोलल्यासारखं वाटलं. स्टँडवर उतरल्यावर तू माह्या पावलानं चालत होती. तुह्यासारख्या लांब पायाच्या पोरीले ते किती जड जात असंल, हे मले दिसत होतं.

गाडी लागली. तू कंडक्टरले म्हणली, "माय आहे माही. मालेगावले उतरवून द्या. वाशीमचं मालेगाव, जहांगीरवालं. नाशिकचं नाही."

कंडक्टरनं मान वर करकरून तुह्याकडे पाह्यलं. गाडी सुटल्यावर त्यानं मले विचारलं, "आजी, पोरगी काय करते?" मी सांगतलं. संभाजीनगर येईपर्यंत साऱ्या गाडीले कळलं होतं. एका बाईनं मले खिडकीची जागा देल्ली. जालन्याच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, टीमचं नाव काय, सुरू कशी झाली, अन् मी त्याले कांद्याच्या जाळीपासून सारं सांगतलं. पह्यल्या वर्षाचंही सांगतलं. बारावी पोरगी काहून आली नाही, हेही. त्यानं पिशवीतली दोन बोरं काढून माह्या हातावर ठेवली.

मेहकर गेल्यावर माहा डोळा लागला. लय दिवसांनी असा लागला असंल. जाग आली ते कंडक्टरच्या आवाजानं. दारात उभा राहून साऱ्या गाडीले ऐकू जाईल असा ओरडून राह्यला होता:

"ओ बारा नंबरच्या आई, उठा! तुमचं मालेगाव आलं!"

तुही
आई